पहिल्या दिवशी हाती पडणारा कागद

मूल शाळेत गेले की त्याच्या हाती पाटी येते, आणि कॉलेजात गेले की वेळापत्रक येते, हे आपण जाणतोच. अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला बसणाऱ्या मुलाच्या हाती आणखी एक कागद पडतो. चार-सहा पानांचा असतो, कधी त्याहूनही मोठा. लेखनाच्या वर्गात शिक्षक काय अपेक्षा ठेवणार आणि नियम कोणते, हे त्यात लिहिलेले असते. तुम्ही म्हणाल, "अहो, अमेरिकेतल्या कॉलेजातला कागद, त्याचं आम्हांला काय?" जरा थांबा. गावच्या शाळेत शिकवणाऱ्या गुरुजींच्या आणि पोराला शिकायला तालुक्याला धाडणाऱ्या आईबापांच्या उपयोगाची एक गोष्ट त्या कागदात दडलेली आहे.

आधी हा वर्ग कसला ते पाहू. तिकडच्या बहुतेक कॉलेजांत पहिल्या वर्षी लेखनाचा एक वर्ग असतो. मुलगा पुढे डॉक्टर होवो, इंजिनियर होवो की हिशेबनीस होवो, हा वर्ग बहुधा कोणाला चुकत नाही. वर्गात मुले थोडी, साधारण वीस-पंचवीस. कारण प्रत्येकाचे लिखाण शिक्षकाला पुन्हा पुन्हा वाचायचे असते. सहामाहीत चार-पाच निबंध लिहायचे, आणि तेही पाठ केलेले नाहीत. एखादा लेख वाचायचा, त्यातले म्हणणे काय ते सांगायचे, आपल्याला ते का पटते किंवा का पटत नाही हे पुराव्यासह मांडायचे. पहिल्या दिवशी जो कागद मिळतो त्याला तिकडे सिलॅबस म्हणतात. आपण सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी समजतो. तिकडे तो शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातला करारच असतो म्हणा ना!

त्यातली कलमे पाहा. पहिले कलम हजेरीचे. ठरावीक खाडे माफ. त्यापुढे झाले तर गुणांवर परिणाम. हे जाचक वाटेल. पण लेखनाचा वर्ग हा व्याख्यान ऐकण्याचा वर्ग नसतो, ती तालीम असते. तालमीत न जाता दुसऱ्याच्या वहीवरून जोर-बैठका उतरवून घेतल्या तर अंगात ताकद येईल का? तसेच हे.

दुसरे कलम मुदतीचे. निबंध अमुक दिवशी, अमुक वेळेपर्यंत. उशीर झाला तर दर दिवसाला श्रेणी थोडी खाली. पण पुष्कळ शिक्षक त्याखाली आणखी एक ओळ लिहितात: अडचण असेल तर आधी सांगा, मुदत वाढवून मिळेल.

तिसरे कलम कच्च्या खर्ड्याचे. निबंध एकदा लिहून देऊन सुटका होत नाही. पहिला खर्डा आणायचा, वर्गातल्या दोघा-तिघांनी तो वाचायचा, कुठे समजले नाही ते सांगायचे, शिक्षकांनीही दोन गोष्टी सुचवायच्या, आणि मग तो पुन्हा लिहायचा. आपल्या शेतकरी बांधवांना हे निराळे सांगायला नको. नांगरट झाली म्हणजे पेरणी झाली असे कोणी मानत नाही. ढेकळे फोडावी लागतात, कुळव फिरवावा लागतो. पहिला खर्डा ही नुसती नांगरट.

चौथे कलम सगळ्यांत कडक असते. दुसऱ्याचा मजकूर आपला म्हणून दिला तर त्या निबंधाला शून्य, कधी सबंध वर्गात नापास, आणि वरच्या समितीपुढे चौकशीही. अलीकडे त्यात एक पोटकलम आले आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांच्या हाती आले आणि सांगाल तो निबंध घटकाभरात लिहून देणारे यंत्र मुलांच्या खिशात आले. काही शिक्षक त्याला साफ मनाई करतात. काही म्हणतात, वापरा, पण कुठे आणि कसे वापरले ते लिहून द्या. नियम निरनिराळे, पण मुद्दा एकच. जोर यंत्राने मारले तर दंड कोणाचे भरणार?

आता या वर्गाचा थोडा इतिहास ऐका. अमेरिकेतले हार्वर्ड हे नावाजलेले विद्यापीठ. १८७४ पासून तेथे प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध लिहायला सांगू लागले. परीक्षेला बसणारी मुले कोण? बहुतेक सुखवस्तू, शिकलेल्या घरांतली, इंग्रजी ज्यांची मातृभाषा, चांगल्या शाळांतून आलेली. आणि तरीही त्यांतल्या पुष्कळांना सरळ, शुद्ध निबंध लिहिता येईना! अखेर १८८५ साली विद्यापीठाने पहिल्या वर्षाच्या मुलांना लेखनाचा एक वर्ग सक्तीचा केला. पुढे त्याचे अनुकरण देशभर झाले. १८९२ साली हार्वर्डच्या एका समितीने या प्रश्नावर अहवाल लिहिला आणि दोष ठेवला खालच्या शाळांवर. हे आपल्या ओळखीचे आहे की नाही? कॉलेज म्हणते शाळेने शिकवले नाही, शाळा म्हणते घरी वळण नाही, आणि पोर बिचारे मध्ये उभे.

मात्र यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. मातृभाषा असली, घरी पुस्तकांनी भरलेली कपाटे असली, तरी लिहिणे आपोआप येत नाही. ते शिकावे लागते. तेव्हा आपल्या गावच्या मुलाला पहिल्या झटक्यात लिहिता आले नाही म्हणून त्याने खाली मान घालण्याचे कारण नाही.

दुसरी हकीकत न्यूयॉर्क शहरातली. १९७० साली तेथल्या नगर-विद्यापीठाने ठरवले की शहरातल्या माध्यमिक शाळेतून उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाला प्रवेश द्यायचा. दारे उघडली आणि मजुरांची, कृष्णवर्णीयांची, पोर्टो रिकोहून आलेल्या कुटुंबांची मुले हजारोंनी आत आली. घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी कित्येकांची ती पहिलीच पिढी. त्यांना लिहायला शिकवण्याचे काम सिटी कॉलेजात ज्यांच्याकडे होते, त्या बाईंचे आडनाव शॉनेसी. पहिले निबंध हाती आले तेव्हा आपण त्या रिकाम्या वर्गात ते कागद पुन्हा पुन्हा वाचत नुसत्या बसून राहिलो, सुरुवात कुठून करावी हेच कळेना, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे.

आपल्यासारख्याने काय केले असते? लाल शाईची दौत संपवली असती. शॉनेसी बाईंनी निराळे केले. १९७० ते १९७४ या काळातले सुमारे ४,००० निबंध त्यांनी बारकाईने तपासले आणि चुकांची प्रतवारी लावली. त्यांना आढळले की या चुकांना काही एक रीत आहे. मूल बोलते तसे लिहू पाहते, किंवा एक नियम अर्धवट शिकून तो सगळीकडे लावते. त्यांचे पुस्तक १९७७ साली निघाले. त्याच्या नावातच दोन शब्द आहेत, चुका आणि अपेक्षा. त्यांचे सांगणे थोडक्यात असे की ही मुले मंद नाहीत, ती लिहिण्यात नवशिकी आहेत, आणि सगळे नवशिके चुकतच शिकतात. तेव्हा मुलाला शिकण्याआधी शिक्षकालाही शिकावे लागते.

श्रोतेहो, त्या कागदातली दडलेली गोष्ट म्हणालो होतो ती आता सांगतो. नियम कागदावर सगळ्यांना सारखाच असतो, पण तो सगळ्यांना सारखा समजत नाही. एक साधे कलम पाहा. त्या कागदावर लिहिलेले असते की शिक्षक अमुक वारी अमुक वेळी आपल्या खोलीत बसतील. शिकलेल्या घरातल्या मुलाला ठाऊक असते की ही वेळ आपल्यासाठी आहे, जाऊन शंका विचारायच्या. घराण्यात पहिल्यानेच कॉलेजात आलेल्या मुलाला वाटते, ही गुरुजींच्या कामाची वेळ. आपण कशाला मध्ये जा? तो दाराशी जातही नाही. तिकडच्या कित्येक शिक्षकांनी म्हणून आता त्या वेळेचे नावच बदलून 'विद्यार्थ्यांची वेळ' असे ठेवले आहे.

उचलेगिरीच्या कलमाचेही तसेच, आणि इथे आपला संबंध येतो. आपले मूल दहावीपर्यंत काय करते? गाईडमधला निबंध पाठ करते. माझा आवडता ऋतू, माझी आई, पावसाळ्यातील एक दिवस! वर्गातल्या चाळीस मुलांची आई एकाच शब्दांत प्रेमळ असते. जो जसाच्या तसा उतरवतो त्याला गुण चांगले पडतात, आणि आपणही पाठ थोपटतो. तेच मूल पुढे कॉलेजात जाते, पदव्युत्तर शिक्षणाला जाते, एखादे परदेशीही जाते. तिथे त्याला एका ओळीत सांगतात की दुसऱ्याचे शब्द घेणे हा गुन्हा आहे. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली संशोधनातल्या वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. प्रबंधातला साठ टक्क्यांहून अधिक मजकूर उचललेला आढळला तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होऊ शकते. काल ज्याला शाबासकी मिळाली, आज त्यालाच शिक्षा! मधल्या काळात त्याला कोणी शिकवले का, की दुसऱ्याचे म्हणणे घ्यावे कसे? शिकवल्यावाचून लावलेला नियम म्हणजे गवताखाली झाकलेली विहीर. वाट माहीत असलेला वळसा घालून जातो, नवखा पडतो.

आणि हे शिकवणे अवघड आहे असे नाही. आपल्या परंपरेत ते आहेच. कीर्तनकार बुवा ओवी घेतात तेव्हा नाथांची की ज्ञानोबांची हे सांगूनच घेतात. अभंगाच्या शेवटी रचणाऱ्याची नाममुद्रा असते. शेजारून पायलीभर ज्वारी उसनी आणली तर ती कोणाकडची हे आपण घरात सांगून ठेवतो. मग शब्दांचेच काय वेगळे?

तेव्हा गुरुजींसाठी आणि बाईंसाठी चार गोष्टी सुचवतो. पैशाचा खर्च कशालाच नाही.

पहिली अशी की वर्षाच्या सुरुवातीला लेखनाच्या अपेक्षा एका पानावर सोप्या मराठीत लिहा आणि वर्गात मोठ्याने वाचा. प्रत्येक नियमापुढे त्याचे कारण सांगा. "का?" असे विचारण्याची मुलांना मोकळीक द्या.

दुसरी, वर्षात निदान दोन निबंध तरी दोनदा लिहून घ्या. पहिल्या खर्ड्याला गुण देऊ नका. शेजारच्या मुलाने तो वाचावा आणि एवढेच सांगावे की मला हे कळले आणि हे कळले नाही.

तिसरी गोष्ट, उसने घेण्याचा सराव. समजा, कृषी खात्याच्या पत्रकातला ठिबक सिंचनावरचा एक परिच्छेद वाचायला दिलात. मुलांना पत्रक मिटायला सांगा. मग तीन वाक्ये लिहू द्या. हे कोणी सांगितले, काय सांगितले, आणि आमच्या शिवारात मला काय दिसते. पहिल्या वाक्यात देणाऱ्याचे नाव आले, दुसऱ्यात त्याचे म्हणणे मुलाच्या शब्दांत आले, आणि तिसरे वाक्य तर कुठल्याच गाईडात मिळणार नाही, मोबाईलातल्या यंत्रालाही ते ठाऊक नाही. ते त्या मुलाचे स्वतःचे.

चौथी, चुका मोजण्याआधी चुकांची जात ओळखा. एखाद्या वहीत पंचवीस लाल खुणा झाल्या म्हणून हताश होऊ नका. नीट पाहा. पोराने पाणी, लोणी, आणि, कोण या सगळ्या शब्दांत 'ण'च्या जागी 'न' लिहिला असेल, तर त्या पंचवीस चुका नाहीत, ती एकच चूक आहे. घरात जसे बोलतात तसे त्याने प्रामाणिकपणे लिहिले आहे. त्याच्या घरच्या बोलीला हसू नका. घरी असे बोलतो, पुस्तकी मराठीत असे लिहितो, हा फरक त्याला समजावून द्या. दोन्ही त्याचीच आहेत.

आईबापांनाही एक विनंती. मूल कॉलेजात गेले की त्याला विचारा, "तुला पहिल्या दिवशी काय कागद दिला? त्यात काय लिहिलंय?" तुम्हांला वाचता येत नसेल तर त्याच्याकडून वाचून घ्या. जे कलम त्याला समजावून सांगता येणार नाही, ते त्याला समजलेले नाही असे समजा, आणि म्हणा, "जा बाबा, उद्या सरांना विचारून ये." विचारायला जाणे हा कमीपणा नाही, एवढे घरातून कळले तरी पोराचे निम्मे भय जाईल.

या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा निदान ते एक पान तरी लिहून पाहा.