पालघरचा गोलंदाज



आज एका मुलाची गोष्ट सांगतो. हा मुलगा आपल्याकडचाच. पालघरजवळ माहीम गाव आहे. समुद्राच्या कडेला नारळाच्या वाड्या आहेत. तिथल्या नारळाच्या बागाईतदाराचा हा मुलगा, शार्दुल ठाकूर. जन्म 16 ऑक्टोबर 1991 चा.

शार्दुल बोईसरला तारापूर विद्यामंदिरात शिकत होता. क्रिकेटचं भारी वेड! एकदा बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेशी सामना झाला. शार्दुलनं 78 धावा केल्या आणि पाच गडीही बाद केले. समोरच्या शाळेचे गुरुजी होते दिनेश लाड. आपली पोरं बाद करणारा मुलगा त्यांच्या डोळ्यांत भरला. त्यांनी वडिलांना निरोप धाडला, मुलाला आमच्या शाळेत घाला.

आता वडिलांनी काय करावं? पुढं दहावीची परीक्षा. बोरिवली लांब. तेव्हा लोकल विरारपर्यंतच यायची. डहाणूपर्यंत ती आली 2013 साली. पहाटेची गाडी, खांद्यावर बॅटीची जड पिशवी, रात्री परत. मग अभ्यास कधी व्हायचा? वडील कचरले. त्यांचं काय चुकलं? खेळानं पोट भरेल याची हमी कोण देणार?

तेव्हा लाडसरांनी घरी बायकोला विचारलं. ती हो म्हणाली. मुलगा सरांच्याच घरी राहू लागला. दुसऱ्याचं पोर घरात ठेवून घेणं सोपं नसतं, मंडळी. मला तर त्या माउलीचंच जास्त कौतुक वाटतं.

2006 साली हॅरिस ढालीच्या सामन्यात शार्दुलनं एका षटकात सहा षटकार मारले. एका षटकात चेंडूच सहा असतात! तरी मुंबईच्या रणजी संघात शिरायला 2012 साल उजाडलं. 2014-15 च्या हंगामात त्यानं 48 गडी बाद केले.

पुढं तो भारताकडून खेळू लागला. 2018 साली दक्षिण आफ्रिकेहून परत आला, तो अंधेरीला गाडीत बसून पालघरला आला. डब्यातली माणसं बघतच राहिली. हाच का तो?

त्याच साली ऑक्टोबरात हैदराबादला त्याची पहिली कसोटी लागली. कसोटी म्हणजे पाच दिवसांचा सामना. त्यानं दहा चेंडू टाकले आणि जांघेतला स्नायू दुखावला. संपलं! पुन्हा गोलंदाजी नाही. इतकी वर्षं गाडीचे धक्के खाल्ले, ते काय दहा चेंडूंसाठी?

सव्वादोन वर्षं कसोटीत जागा मिळाली नाही. मग जानेवारी 2021 मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला आपले बरेच गोलंदाज जायबंदी झाले आणि शार्दुलला बोलावणं आलं. त्यानं पहिला चेंडू टाकला. कसोटीतला हा त्याचा अकरावा चेंडू. त्यावरच गडी बाद!

फलंदाजीत आपले सहा गडी 186 धावांत गेले होते. शार्दुलनं 67 धावा काढल्या. वॉशिंग्टन सुंदरबरोबर त्यानं 123 धावांची भर घातली. दोन्ही डाव मिळून सात गडीही बाद केले. त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया 1988 पासून एकही कसोटी हरली नव्हती. ती त्या दिवशी हरली.