प्रुफावरची सही



पदवीदानाच्या या भाषणासाठी विचारणा झाली तेव्हा मी आधी नाही म्हणाले. मी कुलगुरू नाही, शास्त्रज्ञ नाही, मंत्री तर नाहीच. चाळीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेल्या मजकुरातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढल्या, एवढीच माझी कमाई. प्राचार्य म्हणाले, "कामाबद्दलच बोला, आणि जबाबदारीबद्दल. ख्रिस्ती माणूस कामाकडे कसा बघतो ते सांगा." समोर बसलेल्यांतले बहुतेक जण ख्रिस्ती नाहीत, हे मला दिसतंय. घाबरू नका. प्रवचन रविवारी असतं, आज शनिवार आहे.

माझे वडील छापखान्यात जुळारी होते. तुमच्यातल्या कुणी खिळे पाहिले असतील असं वाटत नाही. शिशाचं एकेक अक्षर, उलटं. समोर लाकडी केस, तिला शेकडो खण. काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं सगळी वेगवेगळ्या घरांत. डाव्या हातात स्टिक धरायची, उजव्या हातानं न बघता अक्षरं उचलून ओळ भरायची. वडिलांना उलटं वाचायची इतकी सवय झाली होती की माझ्या वहीतला निबंध ते टेबलाच्या पलीकडून, उलट्या बाजूनं वाचायचे आणि चूक बरोबर सापडायची.

त्यांचे आजोबा नगर जिल्ह्यातल्या एका गावात येसकर होते. गावाचा निरोप पोचवायचा, मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी माणूस आला की त्याचं ओझं पुढच्या शिवेपर्यंत न्यायचं. मोबदला म्हणजे भाकर, तीही दारोदार मागून आणलेली. काम ढीगभर होतं. पण ते जन्माबरोबर आलेलं होतं. नीट केलं काय आणि पाट्या टाकल्या काय, माणूस होता तिथंच राहणार होता. अशा घरात मिशनच्या शाळेतून एक गोष्ट आली, की ज्याला हे लोक देवाचा पुत्र म्हणतात तो नासरेथ नावाच्या खेड्यातला सुतार होता आणि त्याच्या गावकऱ्यांनी त्याला त्यावरूनच हिणवलं होतं. इतरांना यात काय वाटेल कोण जाणे. आमच्या पणजोबांना ते लगेच कळलं असणार.

बायबलच्या पहिल्याच पानांवर एक बारकावा आहे आणि तो बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. काम ही शिक्षा आहे, आदामानं फळ खाल्लं म्हणून कष्ट नशिबी आले, असं आमच्यातलेही पुष्कळ जण समजतात. पानं जरा मागं उलटा. देव माणसाला बागेत ठेवतो ते तिची मशागत आणि राखण करायला, आणि हे फळाच्या भानगडीच्या आधी. शिक्षा म्हणून आला तो घाम, काटेकुसळं, केलेलं वाया जाणं. काम आधीपासूनच होतं. मूळ हिब्रू भाषेत तर कष्ट, चाकरी आणि उपासना हे तिन्ही शब्द एकाच धातूतून येतात. सोळाव्या शतकात धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं हाच धागा पकडला. तोवर जर्मन भाषेत 'पाचारण' या अर्थाचा शब्द मठात जाणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला होता; त्यानं तो चांभाराच्या, दूध काढणाऱ्या बाईच्या कामालाही लावला. आज तोच शब्द जर्मनीत साध्या धंद्या-नोकरीसाठी वापरतात, देवाची कुणाला आठवणही होत नसेल.

मला मात्र हे सगळं ज्या बाईच्या आयुष्यात नीट दिसतं ती आपल्याच भाषेतली आहे. पंडिता रमाबाई. विधवांसाठी शारदासदन काढलं, १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या, एवढं शाळेत सांगतात. त्यांच्या तरुणपणातला एक प्रसंग फारसा कुणी सांगत नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. आई लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना संस्कृत शिकवलं. भागवताचे हजारो श्लोक मुलीला तोंडपाठ. कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराण सांगायचं. १८७०च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला आणि दक्षिणा आटली. होतं नव्हतं ते संपलं. त्या घरातल्या कुणालाही हातानं करण्यासारखं काम येत नव्हतं, जातीच्या अभिमानानं मजुरी करवत नव्हती आणि भीकही मागवत नव्हती. शेवटी भावानं ठरवलं की अभिमान गुंडाळून ठेवून पडेल ते काम करायचं. पण उशीर झाला होता. वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. भूक हेच कारण.

हे सारं रमाबाईंनी पुढं स्वतः लिहून ठेवलंय. त्यात स्वतःची कीव नाही. हिशेब आहे.

आता वीस-बावीस वर्षं पुढं या. १८९६-९७चा दुष्काळ. मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा गोळा करून रमाबाई त्यांना घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावला उजाड माळावर विहिरी खणल्या, 'मुक्ती' ही संस्था उभी राहिली. १९००च्या दुष्काळानंतर तिथल्या मुलींची संख्या हजाराच्या वर गेली. भागवताच्या अठरा हजार श्लोकांनी जिच्या आईबापांना वाचवलं नाही ती बाई या मुलींना काय शिकवते बघा: लिहिणं-वाचणं आहेच, शिवाय विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, शेती, दूधदुभतं आणि छापखाना. आंधळ्या मुलींसाठी ब्रेल. संस्थेची शिस्त कडक होती, धर्मांतरावरून टीकाही झाली. ती टीका सगळीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक मुलीच्या हातात एखादं काम असलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट कुठून आला हे मला कळतं. तो उपाशी मेलेल्या आईकडून आला.

केडगावच्या छापखान्यात मुली खिळे जुळवायच्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाई बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, खेड्यातल्या बाईला कळेल अशा भाषेत, आणि ते जुळवत होत्या काल-परवापर्यंत अक्षरओळखही नसलेल्या मुली. १९२२च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल छापून झालं ते त्यांच्या पश्चात, १९२४ साली. मी व्यवसायानं प्रुफं वाचणारी, त्यामुळं तो ग्रंथ हाती आला की माझं लक्ष आधी ओळींच्या कडांकडे जातं. कुणाच्या हातांनी त्या सरळ केल्या असतील?

आता जबाबदारीकडे येते, कारण प्राचार्यांनी दोन्हींवर बोलायला सांगितलंय आणि ते घड्याळ बघतायत.

'जबाबदारी' शब्दातच 'जबाब' आहे. कुणीतरी विचारणार आणि आपण उत्तर द्यायचं. बायबलमध्ये देव माणसाला पहिला प्रश्न विचारतो तो इतकाच, की तू कुठं आहेस. आणि फळाबद्दल विचारल्यावर माणसाचा जबाब? आदाम बायकोकडे बोट दाखवतो, शिवाय ही बायको तूच दिलीस असं देवालाही ऐकवतो. बायको सापाकडे बोट दाखवते. सापाला बोट नाही, म्हणून तिथं थांबलं. कुठल्याही कार्यालयात एखादी चूक उघडकीला आली की आजही हेच होतं. फक्त बागेऐवजी ई-मेल असतो आणि सापाऐवजी सिस्टीम.

येशूच्या एका दाखल्यात धनी परगावी जाताना तीन चाकरांकडे पैसे सोपवून जातो. तुम्ही उठता-बसता 'टॅलेंट' म्हणता ना, तो शब्द इंग्रजीत आजच्या अर्थानं आला तो याच दाखल्यातून. मुळात ते चांदीचं वजन. एक टॅलेंट म्हणजे सहा हजार दिनार आणि दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. हिशेब करा, जवळजवळ वीस वर्षांची मजुरी. म्हणजे ज्याला सगळ्यांत कमी मिळालं त्यालाही थोडं मिळालं नव्हतं. त्यानं ते जमिनीत पुरलं. चोरलं नाही, उडवलं नाही, जसंच्या तसं परत दिलं. जबाब मात्र तोच जुना: तुम्ही कडक, म्हणून मी भ्यालो. दोष धन्याचा.

पण एक गोष्ट मला आमच्याच लोकांना ऐकवायची असते. काम न करणाऱ्यानं खाऊ नये, असं येशूचा प्रेषित पौल यानं थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलं. ते इतकं आवडलं की १९३६च्या सोव्हिएत राज्यघटनेतसुद्धा हे तत्त्व घातलं गेलं, देव वगळून. पौल स्वतः तंबू शिवून पोट भरायचा, त्याला ते बोलायचा अधिकार होता. पण तो बोलला ते काम करायची *इच्छा* नसलेल्यांबद्दल. ज्याला काम मिळत नाही, ज्याचा हात तुटलाय, ज्याला जात बघून कामाला ठेवत नाहीत, त्याच्या तोंडावर हे वचन फेकणं हा त्या वचनाचा गैरवापर आहे. याकोबाचं पत्रही त्याच बायबलमध्ये आहे आणि त्यात शेतमजुरांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतः ओरडते. आमच्या चांगल्या-चांगल्या संस्थांमध्ये सेवेच्या नावाखाली नर्सबाईंना आणि शिपायांना किती कमी पगारात राबवलं गेलं, हे त्या संस्थांच्या शताब्दी स्मरणिकांमध्ये सापडणार नाही. त्यातल्या काही स्मरणिकांची प्रुफं मी वाचलीत.

पौलच गलतीकरांना दोन ओळींच्या अंतरानं दोन उलट गोष्टी सांगतो: एकमेकांची ओझी वाहा, आणि ज्यानं त्यानं आपला भार वाहावा. मला तरुणपणी हे विसंगत वाटायचं. ग्रीकमध्ये शब्द दोन आहेत. एक अंगावर कोसळलेल्या ओझ्याचा, दुसरा ज्याच्या त्याच्या पाठीवरच्या गाठोड्याचा. दुष्काळ एकट्यानं वाहायचा नसतो. पण माझ्या सहीचं गाठोडं माझं.

त्या सहीचं सांगते आणि बसते.

मी नोकरीला लागून सात-आठ महिने झाले होते. छापखाना दुसऱ्या शहरातला, आता बंद पडलाय. लग्नपत्रिकांचे दिवस. एका पत्रिकेत तारीख बरोबर आणि वार चुकीचा गेला. पाचशे प्रती छापून, बांधून, पार्टीच्या घरी पोचल्या आणि मुलीचे वडील पत्रिका हातात घेऊन दारात उभे राहिले. मालकांनी मला बोलावलं. मी म्हणाले, "काकांनी शेवटच्या क्षणी ओळ बदलली असेल." काका म्हणजे आमचे जुळारी, वडिलांच्या वयाचे. ते कोपऱ्यात उभे होते, काही बोलले नाहीत. त्यांचे दोन दिवसांचे पैसे कापले गेले.

रात्री जेवताना मी हे घरी सांगितलं, जरा सुटल्याच्या आनंदात. वडिलांनी घास तसाच ठेवला. "प्रुफावर सही कुणाची होती?"

माझी होती. 'छापण्यास हरकत नाही', खाली तारीख, खाली सही. आणि वार तिथंही चुकीचाच होता; मी वाचलाच नव्हता, नावं बघण्यात गुंतले होते.

दुसऱ्या दिवशी मालकांना जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं काकांचे पैसे परत मिळतील. मालक हसले, माझेही दोन दिवसांचे कापले, काकांचे होते तसेच राहिले. मी स्वतःच्या पगारातून पैसे काढून काकांसमोर धरले तर त्यांनी हात मागं घेतला. पुढचा महिनाभर ते माझ्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. गॅली, म्हणजे कच्चं प्रूफ, आणायची, टेबलावर ठेवायची, जायचं.

मग एका सकाळी त्यांनी गॅली ठेवली आणि गेले नाहीत. शाईनं काळं झालेलं बोट तिसऱ्या ओळीवर ठेवलं. "ताई, हा वार बघा बरं," म्हणाले, आणि मी पंचांग काढून बघेपर्यंत तिथंच उभे राहिले.