तापणारा डोंगर आणि चुंबकाची साक्ष



ज्वालामुखीवर पहारा म्हटला की भूकंपमापक आठवतो. खडक तडकला, जमीन थरथरली की तो ते टिपतो. पण डोंगराच्या पोटातला खडक न तडकता नुसताच तापत असेल तर? हे निमूट चाललेलं तापणं ओळखायला चुंबकत्व आणि वीज कामाला येतात. ते कसं, हे टोकियोच्या दक्षिणेला समुद्रात असलेल्या इझु-ओशिमा बेटावर फार चांगलं कळतं. या बेटावरच्या ज्वालामुखीच्या शिखराचं नाव मिहारा.

लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असतं. खडक निवतो तेव्हा त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्याच्यात बसून जाते. आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये ती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपासून टिकून आहे, आणि बहुतेक थरांत ती आजच्या उलट आहे, कारण तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते. इतकी चिवट खूण, पण उष्णतेपुढे तिचं काही चालत नाही. मॅग्नेटाइट 580 अंश सेल्सिअसच्या आसपास चुंबकत्व गमावतं. त्यात टायटॅनियम मिसळलेलं असेल, तर त्याहून बऱ्याच कमी तापमानाला. म्हणजे विवराखाली उष्णता चढू लागली की तिथला खडक चुंबक म्हणून विझत जातो. जपानसारख्या उत्तर गोलार्धातल्या प्रदेशात मग विवराच्या दक्षिणेला चुंबकीय क्षेत्र किंचित घटतं आणि उत्तरेला किंचित वाढतं.

किंचित म्हणजे किती? एकूण क्षेत्र चाळीस हजार नॅनोटेस्लांच्या वर, आणि आपल्याला शोधायचा असतो तो कधी कधी जेमतेम पाच-दहा नॅनोटेस्लांचा फरक. सूर्यामुळे रोज होणारी हालचालच त्याहून मोठी असते. म्हणून दुसरा मापक दूर, ज्वालामुखीची झळ न पोचणाऱ्या जागी ठेवतात आणि दोन्हींची वजाबाकी करतात. जवळपास लोखंड किंवा विजेची गाडी असली की मोजणी बिघडते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतलं चुंबकीय मोजमाप 1904 साली अलिबागला नेलं, ते याच कारणाने.

मिहारावर 1950च्या उद्रेकाच्या वेळीच त्सुनेजी रिकिताके यांनी चुंबकीय बदल नोंदवले होते. पुढे टोकियो विद्यापीठाच्या भूकंप संशोधन संस्थेने तिथे विजेचीही मोजणी मांडली. जमिनीत विद्युतअग्रं पुरून प्रवाह सोडायचा आणि खडक त्याला किती रोध करतो ते पाहायचं. तप्त, खनिजयुक्त पाणी किंवा वितळलेला खडक असला की रोध उतरतो. 1986मध्ये नेमकं तेच दिसलं. विवराखालचा रोध उतरत गेला, चुंबकीय क्षेत्रही बदलत गेलं. जुलैत कंप सुरू झाले आणि 15 नोव्हेंबरला उद्रेक झाला. शिखरावरची जमीन मात्र आधी फुगून आलेली नव्हती! केवळ जमिनीच्या फुगण्यावर विसंबून चाललं नसतं, म्हणून मला या विद्युत-चुंबकीय नोंदींचं मोल फार वाटतं.

तरीही त्यांची मर्यादा सांगायलाच हवी. 21 नोव्हेंबरला मध्य विवर सोडून भलतीकडेच जमीन फाटली, लाव्हा मोतोमाची गावाच्या दिशेने निघाला आणि बेटावरच्या सुमारे 10,000 माणसांना रातोरात बोटींतून हलवावं लागलं. भेग कुठे पडणार, हे विवराभोवतीच्या मापकांना सांगता आलं नव्हतं.

या मोजण्यांना आधीची शांत वर्षं लागतात. डोंगर गप्प असताना रोज रात्रीचे आकडे लिहून ठेवले नसतील, तर आजचा आकडा घटलेला की नेहमीचाच, हे ठरवायचं कशावरून? अशा कंटाळवाण्या वर्षांसाठी पैसा आणि माणसं मिळवणं सर्वांत अवघड, आणि तिथेच हात आखडता घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. मिहारा साधारणपणे तीस-चाळीस वर्षांनी मोठा जागा होतो. 1986 नंतर तेवढा काळ आता उलटत आला आहे, आणि विवराच्या काठावरचे चुंबकमापक आजही चालू आहेत.