आधी पुरावा मांडा, मग शांतीची गाणी गा



या मांडवात सकाळपासून झालेल्या प्रत्येक भाषणात ‘आपला ख्रिस्ती समाज शांतताप्रिय आहे’ हे ऐकते आहे. प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही. आपल्या शांततेत निम्मी भीती आहे आणि निम्मी सोय. प्रभूने धन्य म्हटले ते शांती करणाऱ्यांना. गप्प बसणाऱ्यांना त्याने कुठे धन्य म्हटलेले मला तरी सापडले नाही. आणि मंदिरात सराफांचे चौरंग उलथताना त्याने कोणत्या पंचकमिटीची परवानगी काढली होती?

या गप्प बसण्याची किंमत काय, ते ऐका. मद्रासच्या रस्त्याकडेला चपला शिवणारे सुसाई जन्माने आदिद्रविड होते आणि धर्माने ख्रिस्ती. सरकारने अनुसूचित जातीच्या चर्मकारांना फुकट टपऱ्या दिल्या, यांना नाकारली. कारण 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला होता. 1956 साली तो शिखांना मिळाला, 1990 साली बौद्धांना. सुसाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1985 साली हरले. धर्म बदलल्यावरही जातीचा जाच तितक्याच तीव्रतेने चालू राहतो, हे दाखवणारा पुरेसा पुरावा समोर नाही, असे न्यायालयाने म्हटले.

पुरावा नाही! ज्या समाजात लग्नाची बोलणी करताना चहाचा कप खाली ठेवायच्या आत ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न येतो, आणि त्याचा अर्थ गाव नसतो हे दोन्ही घरांना ठाऊक असते, त्या समाजाला पुरावा मिळाला नाही! तिरुचिरापल्लीत कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या आणि इतरांच्या कबरींमध्ये भिंत उभी होती. गोव्यातल्या कोंफ्रारियांमध्ये, म्हणजे चर्चच्या बंधुसंघांमध्ये, सणाच्या मिरवणुकीत तांबडा ओपा-मुर्सा हा झगा कुणी अंगावर घ्यायचा आणि निळा कुणी, हे पिढ्यान्‌पिढ्या जातीने ठरत आले. आणि आपल्या नगर-सोलापूरकडे? पोराची शाळेच्या दाखल्यावर एक ओळख, मंडळीच्या रजिस्टरात दुसरी. त्या पोराने कुठे काय बोलायचे आणि कुठे काय गिळायचे, हे त्याला बाप्तिस्म्याच्या धड्यांआधी शिकवले जाते. हे सारे आपल्याला माहीत आहे. आपण लिहिले नाही, इतकेच.

आपल्यात लिहिणारे नव्हते म्हणावे, तर तसेही नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये स्वतःचे सोवळेओवळे असे उघडे करून दाखवले की वाचणारा हसतो आणि ओशाळतोही. 1897 च्या प्लेगात पुण्याच्या इस्पितळात स्त्रियांची जी परवड चालली होती, ती पंडिता रमाबाईंनी मुंबईच्या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहून चव्हाट्यावर आणली. राज्यकर्ते ख्रिस्ती, मदत पाठवणारे परदेशी मित्र ख्रिस्ती. सरकारने आरोप झटकले. बाईंनी मात्र गोऱ्या साहेबाचा धर्म आपलाच आहे म्हणून त्याला सवलत दिली नाही. त्यांचे नाव आपण सभागृहांना देतो, त्यांचा बाणा मात्र कुणाला नको असतो.

आणि फादर स्टॅन स्वामी? आदिवासी तरुण नक्षलवादी ठरवून झारखंडच्या तुरुंगांत डांबले जातात, खटले मात्र उभे राहत नाहीत, याची त्यांनी नोंद केली आणि उच्च न्यायालयात दाद मागितली. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक झाली. पार्किन्सनने हात थरथरतात, पेला धरवत नाही, म्हणून या 83 वर्षांच्या म्हाताऱ्याला पाणी प्यायच्या नळीसाठी कोर्टात अर्ज करावा लागला. 5 जुलै 2021 रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली इस्पितळात ते वारले, कच्चे कैदी म्हणूनच. आरोप सिद्धही झाले नाहीत आणि खोटेही ठरले नाहीत. खटला चालण्याआधी माणूस गेला. आपल्यातल्या काहींनी धैर्याने आवाज उठवला. बाकीच्यांनी मेणबत्ती लावली आणि ‘चर्चमध्ये राजकारण नको’ म्हणत ती विझवलीही.

आता मला सांगितले जाईल, बाई, प्रार्थनाघरांवर हल्ले होत असताना घरची लक्तरे वेशीवर का टांगता? माकडाच्या हाती कोलीत का देता? अहो, ज्यांना आपल्यावर आरोप करायचे आहेत ते आपल्या कबुलीसाठी थांबलेले नाहीत. आपल्या लपवाछपवीने त्यांचे काही अडले नाही. अडले ते सुसाईंचे.

दुसरा उपदेश क्षमेचा. क्षमा करण्याचा अधिकार ज्याच्यावर घाव बसला त्याचा. 1999 साली ओडिशात ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन मुले जिवंत जाळली गेली. ग्लॅडिस स्टेन्स यांनी क्षमा केली आणि बारीपद्याच्या कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली. पण खटला चालला, गुन्हेगारांना शिक्षा झाली. त्या माउलीच्या क्षमेने न्यायालयाला कुलूप लावले नाही. आपल्याकडे मात्र अन्याय करणारेच पुढच्या बाकावरून क्षमेची स्तोत्रे म्हणतात.

2007 साली रंगनाथ मिश्र आयोगाने 1950 च्या आदेशातला तो तिसरा परिच्छेद काढून टाका असे सुचवले. 2022 साली सरकारने न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला, तेव्हा त्याच्यापुढेही हाच प्रश्न ठेवला: धर्मांतरानंतर भेदभावाचे काय होते? याचे उत्तर नाताळच्या विशेषांकातल्या ताऱ्यावरच्या कवितांतून मिळणार नाही. संपादकहो, पुढच्या वर्षी त्या कवितांची निम्मी पाने आत्मकथनांना द्या. बिशप आणि पाळकहो, दफनभूमीत कोण कुठे पुरले जाते, कमिटीवर कोण निवडून येते, संस्थांत नोकऱ्या कुणाला मिळतात, याची नोंद मंडळीनिहाय छापा. लेखकहो, नाव-गाव-सालासकट लिहा.

या मागण्यांचा ठराव मी अध्यक्षपदावरून मांडते आहे. एरवी आपण ठराव एकमताने मंजूर करतो आणि विसरतो. म्हणून आज मला एकमत नको. ज्यांचा विरोध असेल त्यांनी जागेवर उभे राहावे, कारण सांगावे आणि इतिवृत्तात नाव लिहून द्यावे. पुरावा गोळा करायला इथूनच सुरुवात करू.