उस्मानशाही मिल आणि गिरणी-इमारतींचा पुनर्वापर
(स्वागताध्यक्षीय भाषण)

उस्मानशाही मिल हे नांदेडच्या औद्योगिक इतिहासातले ठळक नाव. औद्योगिक वास्तूंच्या पुनर्वापरावरील परिषद नांदेडला भरण्यात त्यामुळेच औचित्य आहे. नांदेड-लातूरहून आणि बाहेरगावाहून आलेले अभ्यासक, वास्तुविशारद आणि गिरणी कामगार यांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते.

ही गिरणी नांदेडला उभी राहिली ती कापूस आणि रेल्वे यांमुळे. गोदावरीकाठच्या काळ्या जमिनीत गावरानी कापूस पिके. 1900च्या सुमारास हैदराबाद-मनमाड मीटरगेज मार्ग नांदेडवरून सुरू झाला. 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोहोचली आणि तिथल्या बाजारपेठेलाही बाहेरची वाट मिळाली. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत निघालेल्या गिरणीला त्यांचेच नाव मिळाले. 1974च्या राष्ट्रीयीकरणात ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली, ‘नांदेड टेक्स्टाइल मिल’ म्हणून चालली आणि पुढे बंद पडली.

त्या काळच्या गिरण्यांची बांधणी कामाच्या गरजेतून ठरे. करवतीच्या दात्यांसारख्या छपराच्या काचा उत्तरेकडे असत. त्यामुळे साच्यांवर थेट ऊन न पडता दिवसभर सारखा उजेड मिळे. सूत तुटू नये म्हणून विणखात्यात हवा दमट ठेवत. खांबांच्या रांगांमध्ये आडभिंती नसल्याने शेड सलग राही. असा उजेड आणि अशी मोकळी जागा ग्रंथालय, संग्रहालय किंवा प्रशिक्षण केंद्राला सोयीची असते.

पुनर्वापराचा प्रश्न मात्र जमिनीच्या भावापाशी अडतो. मुंबईत 1991च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे महापालिका, म्हाडा आणि मालक असे वाटे ठरवले. 2001च्या दुरुस्तीने ही वाटणी मोकळ्या जमिनीपुरतीच उरली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. सार्वजनिक वाटा घटला. लोअर परळच्या फिनिक्स मिलचे व्यापारी संकुल झाले. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योग संग्रहालयाची योजना पुढे आली.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. आधी इमारतीचे मोजमाप, नकाशे आणि बांधकामाची तपासणी. त्याबरोबरच हजेरीपट, यंत्रांच्या नोंदी आणि कामगारांच्या आठवणींचे संकलन. मग शेडच्या रचनेला मानवेल असा उपयोग ठरवावा आणि देखभालीचा खर्च कोण उचलणार हे लेखी नक्की करावे. भूखंडांची आखणी झाली, तर ती या सर्वांनंतर.