पिशवी काढण्याआधी

मी डमडमहून बोलतेय. चार वर्षं माझं ओटीपोट दुखत होतं. एका डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं, "मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाका."

मला बीड आठवलं. २०१९ साली सरकारी पाहणीत तिथल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची माहिती घेतली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. मग पाळी आणि दुखणं परवडणार कसं?

मला खाड्याची भीती नव्हती. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे तीन प्रश्न घेऊन गेले.

एक, दुखणं पिशवीचंच आहे का? मूत्राशय, आतडी, ओटीपोटातले स्नायू, यांमुळेही दुखतं. तसं असेल तर पिशवी गेली तरी दुखणं राहतं.

दोन, आधी गोळ्या, हार्मोनचे उपचार, फिजिओथेरपी करून पाहता येईल का?

तीन, अंडाशय ठेवणार का? दोन्ही काढली तर रजोनिवृत्ती एकदम येते, हाडं लवकर ठिसूळ होऊ शकतात.

तपासणीत ॲडेनोमायोसिस निघाला, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर त्याच्याच भिंतीत वाढलेलं. वर्षभर औषधं घेतली, फरक पडला नाही. मग मी पिशवी काढली, अंडाशय ठेवली. आज बरी आहे.

ऑपरेशन वाईट नाही, बायांनो. घाईनं करायला लावलेलं ऑपरेशन वाईट. बीडच्या कितीतरी जणींना विचार करायला सवडच मिळाली नाही. तुम्हाला असेल, तर ती घ्या.