वृद्धाश्रमाच्या दारात साथ आली तर

पुढच्या साथीत नाशिकच्या वृद्धाश्रमांतली किती माणसं दगावतील, हा प्रश्न अभद्र वाटेल. पण ऑक्सिजन किती लागेल, माणसं किती लागतील, याची तजवीज याच उत्तरावर ठरते. म्हणून तो आजच विचारायला हवा.

हिशेबाची रीत सोपी आहे. आश्रमांत राहतात किती, त्यांतल्या कितींना लागण होईल आणि लागण झालेल्यांपैकी किती जातील? कोविडच्या २०२० सालच्या, लशीआधीच्या, मुख्यतः श्रीमंत देशांतल्या नोंदींतून असं दिसलं, की लागण झालेल्या शंभरांपैकी पंच्याहत्तरीचे साडेचार आणि पंच्याऐंशीचे पंधराच्या आसपास दगावतात. म्हणजे ६० जणांच्या आश्रमात निम्म्यांना लागण झाली आणि सगळे पंच्याहत्तरीचे असले तर एक-दोन, पंच्याऐंशीचे असले तर चार-पाच. पण निम्म्यांवरच का थांबावं? हॉलमध्ये हातभर अंतरावर खाटा, न्हाणीघर एकच, आणि तीच मावशी सकाळी ओळीने सगळ्यांना आंघोळ घालणार, गोळ्या देणार. तिथे साथ निम्म्यावर थांबेल असं मला वाटत नाही.

अडतं ते पहिल्याच आकड्याशी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधारांची सोय होईल असा वृद्धाश्रम सांगितला आहे. पण ट्रस्टचे, खासगी, एखाद्या बंगल्यात दहा-बारा जणांना सांभाळणारे आश्रम मोजदादीतून सुटायची भीती असते, आणि दाटीवाटी बहुधा तिथेच.

मृत्यूची नोंदही पाहा. फॉर्मवर मृत्यूचं ठिकाण लिहितात: रुग्णालय किंवा संस्था, घर, इतर. समजा, निफाडच्या एक आजी आश्रमात आजारी पडल्या, त्यांना सिव्हिलला हलवलं आणि चौथ्या दिवशी त्या गेल्या. नोंद रुग्णालयाची झाली, पत्ता मुलाच्या घरचा लागला. आश्रमात काय घडलं, याचा मागमूस उरत नाही. युरोपातही हा घोळ झालाच. बेल्जियमने आश्रमांतले संशयित मृत्यूही धरले, म्हणून त्यांचा आकडा इतरांहून मोठा दिसला. मला ती रीत अधिक प्रामाणिक वाटते.

आता लस आहे, मग काळजी कशाला, असं कुणी म्हणेल. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये भिवंडी तालुक्यातल्या सोरगावच्या वृद्धाश्रमात ६० हून अधिक जण बाधित निघाले. त्यांतल्या बहुतेकांचे लशीचे दोन्ही डोस झाले होते. लस जीव वाचवते, पण साथीला दारातच अडवेल असं नाही.

म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे. महापालिकेने आणि जिल्हा परिषदेने प्रत्येक आश्रमात एक रजिस्टर ठेवायला लावावं. त्यात प्रत्येकाचं वय, बीपी-शुगर, शेवटच्या डोसची तारीख आणि घरच्यांचा चालू फोन नंबर असावा. रुग्णालयात हलवलेल्या माणसापुढे आश्रमाचं नाव कायम राहावं. आणि एक रकाना मावशींचाही हवा: त्या आजारी पडल्या, तर त्या रात्री ड्यूटीवर कोण येणार?